अंगठा कोण कुणाला दाखवतंय?

दोस्तहो, आधी सिनेमाची गोष्ट सांगतो, मग मोखाड्याची.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या खोलीत पोरांनी लॅपटॉपवर 'स्टार वॉर्स' लावला. जुना, पहिला, १९७७ चा. खोली दहा बाय बारा, आत अठरा पोरं, पंखा एक. सिनेमात वाळवंटातलं एक गाव आहे. तिथं साम्राज्याचे पांढऱ्या चिलखतातले शिपाई गाडी अडवतात आणि ओळखपत्र दाखव म्हणतात. गाडीत एक म्हातारा बसलाय. तो शिपायाच्या डोळ्यांपुढून नुसता हात फिरवतो, एकदाच, सावकाश. शिपाई गपगार. ओळखपत्र बघायची काही गरज नाही, असं तो शिपाईच बोलायला लागतो. गाडी सुटते. खोलीत शिट्ट्या पडल्या. एक जण म्हणाला, "आपल्याला असा हात पायजे राव, टीसीसमोर."

मी शिट्टी मारली नाही. दोनच दिवसांपूर्वी मी मोखाड्याहून आलो होतो आणि एका म्हातारीचा हात माझ्या डोळ्यापुढून हलत नव्हता.

रेशनचं दुकान. दुकानात रेंज नाही. म्हणून दुकानदार मशीन घेऊन शंभर पावलांवरच्या आंब्याखाली जाऊन बसलेला, तिथं रेंज येते. रांग आंब्याखाली, धान्य दुकानात. म्हातारी कातकरी. हातात पिवळं कार्ड, अंत्योदयचं, म्हणजे कायद्यानं महिन्याला कुटुंबाला ३५ किलो. तिनं थम लावला. लाल दिवा. पदराला बोट पुसून परत लावला. लाल. मग तिनं बोट डोक्याच्या केसांवर घासलं, तेलाचा अंश लागावा म्हणून. लाल. मग दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. दहाही बोटं झाली. तीस-चाळीस वर्षं वीटभट्टीवर माती मळली, दगड उचलले, गवत कापलं, त्या बोटांवर रेषा उरणार कुठून? मशीनला रेषा पाहिजेत. दुकानदार वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "आजी, उद्या ये." म्हातारी म्हणाली, "अंगठा नाय लागत रं बाबा. पण मी तर हाय ना हितं."

पण मी तर हाय ना हितं. दोस्तहो, या एका वाक्याला उत्तर देईल असा कायदेपंडित मला या देशात दाखवा.

सिनेमातल्या म्हाताऱ्यानं हात हलवला आणि साम्राज्याला ओळखपत्राची गरज उरली नाही. आमच्या म्हातारीनं दहा बोटं टेकवली आणि राज्याला ती दिसली नाही. पोरांना मी त्या रात्री हे सांगायला गेलो तर म्हणाले, तू मूड घालवतोस. बरोबर आहे. मूड घालवण्यासाठीच हा लेख लिहितोय.

त्या सिनेमाचं पुढं काय झालं तेही पोरांनीच मला सांगितलं, कारण मी सगळं बघितलेलं नव्हतं. त्याच विश्वातली 'द बॅड बॅच' नावाची मालिका २०२१ साली आली. युद्ध संपलंय, साम्राज्य नुकतंच गादीवर बसलंय. पहिलं काम काय? प्रत्येक नागरिकाला एक 'चेन कोड'. जुने पैसे बाद, नवे पाहिजेत तर कोड घ्या. गाव सोडून जायचंय, कोड दाखवा. मला हसू आलं. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवली. पाचशे-हजारच्या नोटा बाद, बदलून पाहिजेत तर रांगेत उभं राहा आणि ओळखपत्र दाखवा. अमेरिकेतल्या लेखकांना पाच वर्षांनी जे सुचलं ते आमच्या बायांनी बँकेच्या उन्हात उभं राहून आधीच भोगलं होतं. मग 'अँडॉर' आली. तिच्या २०२५ च्या भागात धान्य पिकवणारा एक ग्रह आहे. तिथं परक्या मुलखातून आलेले मजूर राबतात. कापणी त्यांच्याकडून करून घ्यायची, पण कागद त्यांच्याकडे नाहीत, म्हणून तपासणीवाले आले की लपायचं. आणि तपासणीचा अंमलदार कागद नसलेल्या बाईकडे कसा बघतो तेही तिथं दाखवलंय. हे बघून पोरं हळहळली. परग्रहावरच्या मजुरासाठी हळहळणं सोपं आहे. भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जव्हारचा मजूर असतो, तिकडं लोकल जाते, तरी आपण जात नाही.

आता माझा खरा सवाल. या सगळ्या गोष्टी लिहिणाऱ्यांना भीती कशाची वाटते? सम्राट आपल्याला ओळखेल याची. त्याच्याकडं आपली खाडाखोड नसलेली नोंद असेल, तो आपल्याला हुडकून काढेल, याची. ही भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण ती ज्याला आधीपासून नाव आहे त्याची भीती आहे. ज्याला घराचा नंबर आहे, बँकेचं पुस्तक आहे, बापाचा दाखला आहे, त्याला वाटतं राज्यानं माझ्यात फार डोकावू नये. जव्हार-मोखाड्यात उलट आहे. तिथं राज्य माणसाला ओळखतच नाही आणि ओळखत नाही हा गुन्हा पुन्हा त्या माणसाच्याच माथी मारतं. पुरावा तू आण. नाव तू जुळव. रेषा तू उगव. माझ्या वाचनातल्या एकाही विज्ञानकथेला हा सम्राट सुचलेला नाही. विज्ञानकथा लिहिणारा कधी रेशनच्या रांगेत उभा राहिलेला नसतो.

आणि हा प्रयोग सुरू कुठं झाला? दिल्लीत नाही, मलबार हिलवर नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या, मांडव पडला आणि देशातलं पहिलं आधार एका आदिवासी बाईच्या हातात ठेवलं. फोटो निघाला. फोटोसाठी आदिवासी लागतो. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते चित्र आता विमानतळावर आहे, साडीवर आहे, चहाच्या कपावर आहे. ज्या बोटांनी तांदळाच्या पिठाचं ते चित्र निघतं ती बोटं पाड्यावर मशीनला कळत नाहीत.

बोटाची ही गोष्ट आजची नाही. १८५८ साली बंगालात हर्शेल नावाच्या गोऱ्या अंमलदारानं एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, का, तर नेटिव्ह मागनं फिरेल, सही माझी नव्हे म्हणेल. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जन्मताच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची नोंदवही. १९११ साली तो कायदा नव्यानं केला तेव्हा त्यात बोटांचे ठसे घ्यायची तरतूद घातली. १९०८ च्या ऑगस्टात जोहान्सबर्गला हिंदी लोकांनी आपली नोंदणीपत्रं कढईत घालून जाळली. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये काळे लोक पासशिवाय पोलीसठाण्यावर चालत गेले, म्हणाले आम्हाला पकडा, आमच्याकडं पास नाही. पोलिसांनी गोळ्या घातल्या, ६९ मेले. एवढा इतिहास एका कागदाच्या तुकड्याला आहे. म्हणजे ठसा घेण्याचा शोधच मुळी अविश्वासातून लागला. ज्याच्यावर विश्वास असतो त्याचा शब्द घेतात. ज्याच्यावर नसतो त्याचं बोट घेतात.

आणि आपल्याकडं? सावकाराची वही. अंगठा कर, पुढचं मी लिहितो. काय लिहिलं ते अंगठा करणाऱ्याला कधीच कळलं नाही. डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ साली वेठीविरुद्ध उठाव केला तो याच अंगठ्याच्या मागं लिहिलेल्या मजकुराविरुद्ध. एकलव्याचं तर बोलायलाच नको. पण द्रोणाचार्यानं निदान एकदाच मागितला, यांचं दर महिन्याला आहे.

माझा बाप मिलमध्ये बदली कामगार. पगाराच्या रजिस्टरवर अंगठा करायचा. मुकादम शाईचा डबा पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, "चला अंगठेबहाद्दर." बापानं रात्रशाळेत जाऊन सही शिकली. तीन महिने नुसती सही. वहीच्या वही भरल्या. ज्या दिवशी त्यानं पहिल्यांदा सही केली त्या दिवशी शाईचा डबा हातानं बाजूला सारला, ही गोष्ट तो मरेपर्यंत सांगायचा. बाबासाहेबांनी शिका म्हटलं त्याचा माझ्या बापाच्या आयुष्यातला अर्थ एवढाच होता, अंगठा नाही, सही. आपल्या दोन पिढ्या त्या सहीसाठी झिजल्या. आणि आता राज्य म्हणतं सही नको, सहीवर आमचा विश्वास नाही, अंगठा आण. ज्याला शिव्या देऊन आम्हाला शाळेत पिटाळलं तो अंगठा आता विज्ञान झाला. शाईचा डबा गेला, त्याच्या जागी काचेचा डबा आला. मुकादम तोच.

आता दाखल्यांचं बघू. कारण आधार हा एकटा नाही, त्याच्या मागं कागदांची फौज आहे.

मोखाड्यात मी मित्रांबरोबर फॉर्म भरून द्यायला जातो. जातीच्या दाखल्याला पुरावा लागतो. कधीचा? अनुसूचित जमात असेल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. आपल्याला, अनुसूचित जातींना, १० ऑगस्ट १९५०. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेआधी तुझा आजा-पणजा कुठं राहत होता, त्याच्या जमातीची नोंद कुठं आहे, दाखव. आता विचार करा. जव्हार हे १९४८ पर्यंत संस्थान. कातकऱ्याच्या पणज्याकडं जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. शाळा नव्हती, म्हणून दाखला नाही. जन्म झापात झाला, म्हणून नोंद नाही. राज्यानं १९५० आधी त्याला काहीच दिलं नाही आणि आता त्याच काहीच-नाहीचा पुरावा राज्य मागतंय. ज्याच्याकडं सगळ्यात जास्त कागद तो सगळ्यात कमी लुबाडलेला, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि दाखला मिळवायला कागदच पाहिजे. म्हणजे जो जितका जास्त लुबाडला गेला तितका तो कागदावर कमी आदिवासी.

बरं, खोटे दाखले आहेत का? आहेत. ते मी लपवणार नाही. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयात माधुरी पाटील खटल्याचा निकाल लागला तो महादेव कोळी असल्याच्या खोट्या दाव्यावरच. त्यातनंच तपासणी समित्यांची पद्धत घालून दिली गेली, पुढं महाराष्ट्रानं त्याचा कायदा केला, तो २००१ पासून लागू झाला. समितीपुढं आप्तभाव चाचणी. तुमचे देव कोणते, लग्न कसं लावता, मयताला काय करता, सांगा. तारपा वाजवणाऱ्याच्या नातवानं टेबलापलीकडच्या साहेबाला पटेल असा आदिवासी वठवून दाखवायचा. पोरगं आश्रमशाळेत वाढलेलं, त्याला देवाचं नाव आठवलं नाही तर ते संशयित. ज्यानं पुस्तक पाठ केलंय तो पास. शेवटी सर्वोच्च न्यायालयालाच मार्च २०२३ मध्ये सांगावं लागलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे.

आणि ज्यांचे दाखले खोटे ठरले त्यांचं काय झालं? जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही. मग महाराष्ट्र सरकारनं २१ डिसेंबर २०१९ ला निर्णय काढला. त्या मंडळींना अधिसंख्य पदांवर घ्या. म्हणजे जागा खाली करा, पण माणूस घरी पाठवू नका, त्याच्यासाठी वेगळी खुर्ची करा. बघा दोस्तहो, खोटा सापडला तर त्याला जादा खुर्ची. खरी म्हातारी उभी राहिली तर तिला उद्या ये. कागदाची कडकी कुणासाठी आहे आणि नरमाई कुणासाठी, हे आता मी वेगळं सांगायला पाहिजे काय?

आपण स्वतः हे भोगलंय. १९५६ साली बुद्धाकडं गेलो आणि केंद्र सरकारच्या कागदावरनं आपली सवलतच पुसली गेली. माणूस तोच, वस्ती तीच, लाथही तीच, पण कागदावर बौद्ध लिहिलं म्हणून अस्पृश्यता संपली असं धरलं. १९९० साली दुरुस्ती झाली तेव्हा कुठं केंद्रात बौद्धांना अनुसूचित जाती म्हणून मान्यता आली. चौतीस वर्षं. कागद एक बोलतो, रस्ता दुसरंच बोलतो, ही गोष्ट आपल्याला कातकऱ्याकडनं शिकायची गरज नाही. म्हणूनच म्हणतो, हा आदिवासींचा प्रश्न आहे, आपण शहरातल्यांनी त्यात का पडायचं, असं जो म्हणतो त्यानं स्वतःच्या घरातली पत्र्याची पेटी उघडून बघावी. आईनं प्लास्टिकच्या पिशवीत काय काय गुंडाळून ठेवलंय ते बघावं. पूर आला तर आपल्या आया आधी दागिना उचलत नाहीत, ती पिशवी उचलतात.

मोखाड्यातल्या पिशव्या मी उघडून बघितल्यात. अख्खा पाडा १ जानेवारीला जन्मलाय. बाप १ जानेवारी, आई १ जानेवारी, सासू १ जानेवारी. वय अंदाजे सांगितलं की मशीन त्या वर्षाची १ जानेवारी धरतं. पोरं मात्र १ जूनला जन्मलेली, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी शाळा उघडायचा महिना धरून १ जून टाकलेला. मग पोरगं दहावी झालं की शाळेचा दाखला म्हणतो जून, आधार म्हणतं जानेवारी. शिष्यवृत्ती अडकली. जा दुरुस्तीला. दुरुस्तीला तालुक्याला जायचं, एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडाली, आणि तिथं साहेब विचारतो, "खरी तारीख कोणती?" खरी तारीख अशी आहे साहेब, की भात कापत होते तेव्हा झाला. ती लिहायला तुमच्या फॉर्मात रकाना आहे का?

नावांचं तेच. एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर नुसतं जमातीचं नाव, तिसऱ्यावर ऑपरेटरनं ऐकलं तसं. एका बाईचं नाव तीन कागदांवर तीन. मी विचारलं, मावशी, यातलं तुमचं कुठलं? म्हणाली, "तुमाला जे चालतंय ते लिवा." ही बाई खोटारडी नाही. तिच्या नावावर तिचा ताबा ठेवलेला नाही, एवढंच.

आणि दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. वीटभट्टी, रेती, बांधकाम. भट्टीचा शेठ आधी उचल देतो, मग हंगामभर फेडून घेतो. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानं संपली, असं कागद म्हणतो. मी एका भट्टीवर विचारलं, कार्डं कुठायत? शेठकडं. का? "हरवतील म्हणून ठेवलीत." पळून जाऊ नये म्हणून ठेवलीत, असं सरळ कोण म्हणेल. ज्या कार्डाला सरकार म्हणतं माझी ओळख, ते कार्ड सावकाराच्या कपाटात गहाण. पूर्वी भांडी गहाण टाकायचे, आता ओळख टाकतात. ही सुधारणा म्हणायची?

मग आम्हाला दोन प्रकारचे शहाणे भेटतात. पहिला म्हणतो, अहो, चोरी थांबली, बोगस कार्डं गेली, यंत्र प्रामाणिक असतं. याला उत्तर साधं आहे. रेशनमधली चोरी कुठं होते? मापात होते. पस्तीसचे तीस द्यायचे आणि वहीवर पस्तीस लिहायचे. अंगठा काय सिद्ध करतो? म्हातारी आली होती एवढंच. तिला किती दिलं ते अंगठा सांगत नाही. माल कमी घेतलेल्या माणसाचाही थम हिरवाच लागतो. म्हणजे मशीननं काय केलं? मापातला चोर सोडला आणि रांगेतली म्हातारी पकडली. तपासायचीच तर तराजू तपासा ना, हाडकुळ्या बोटाला काय तपासता?

दुसरा शहाणा आपला मित्र असतो. शिकलेला, पुरोगामी. तो म्हणतो, आधार म्हणजे खाजगीपणावर घाला, जाळा ते कार्ड. मी त्याला मान देतो. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हटलं, ते चांगलंच झालं. २६ सप्टेंबर २०१८ ला पाचातल्या चौघांनी रेशनपाण्यासाठी आधार चालेल म्हटलं आणि एकट्या न्यायमूर्ती चंद्रचूडांनी अख्खा कायदाच घटनेशी विसंगत ठरवला, तेही मी वाचलंय. पण मित्रा, तू जाळायला सांगतोस ते कार्ड मिळावं म्हणून मोखाड्याची बाई तीन वर्षं हेलपाटे घालतेय. जाळायला आधी हातात यावं लागतं. तुझ्याकडं पासपोर्ट आहे, लायसन आहे, कार्ड जाळून तू क्रांतिकारक होशील. ती जाळेल तर उपाशी राहील. १५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं अतिमागास जमातींसाठी जनमन योजना काढली, कातकरी त्यात आहेत, आणि त्यांना आधार, जातीचे दाखले काढून द्यायची मोहीम चालवली. मोहीम काढावी लागली म्हणजे काय? टेंभलीला पहिलं कार्ड वाटून तेरा वर्षं झाली तरी ज्यांच्या नावानं फोटो काढला त्यांच्यातले कितीतरी जण बाहेरच होते, ही सरकारनंच दिलेली कबुली.

मग माझी भूमिका काय? कार्डाच्या बाजूनं की विरुद्ध? मी म्हणतो हा सवालच त्यांनी आपल्या गळ्यात घातलाय. माझा सवाल, पुराव्याचं ओझं कुणी वाहायचं? मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून तिथनं मुंबईला पाणी येतं, दिवसाला ४५ कोटी लिटरच्या पुढं. आपण नळ सोडतो, तोंड धुतो. त्या पाण्याला मोखाडा कधी विचारत नाही, कुणासाठी चाललास, मुंबईकरा तुझा थम लाव. आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन कोरड्या विहिरीच्या तळाला उतरतात. घेताना कागद नाही, देताना कागद. डोंगर बुडवताना आदिवासी कोण हे बरोबर ओळखू येतं, पस्तीस किलो देताना येत नाही. १९९२ साली वावर-वांगणीत पोरं कुपोषणानं मेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला जव्हार कुठं आहे ते कळलं. मेल्यावर ओळख पटायला अंगठा लागला नाही.

उगाच बोलतोय असं वाटत असेल तर झारखंडमधलं सिमडेगा आठवा. सप्टेंबर २०१७. अकरा वर्षांची पोरगी गेली. आई सांगत होती, आधार जोडलं नाही म्हणून रेशनकार्ड रद्द झालं होतं, पोर भात भात करत गेली. सरकार म्हणालं भूक नव्हे, मलेरिया. त्यानंतर महिन्याच्या आत, २४ ऑक्टोबर २०१७ ला, केंद्राच्या अन्न खात्यानं राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही म्हणून कुणालाही धान्य नाकारू नका. दुसऱ्या ओळखीवर द्या, नोंद वेगळ्या वहीत करा. म्हणजे मशीन लाल झालं तरी धान्य द्यायची सोय कागदावर आहे. आंब्याखालच्या त्या रांगेत ही वही कुठं होती?

इथं मला माझ्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा होईल.

त्या दिवशी मी तिथंच उभा होतो. खिशात पेन, काखेत फॉर्मांची फाईल. हा २०१७ चा आदेश मला माहीत होता, भाषणात मी तो दोनदा सांगितलाय. आणि म्हातारीचा दहावा अंगठा लाल झाला तेव्हा मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आजी, उद्या सकाळी लवकर या, सकाळी रेंज चांगली असते." दुकानदाराचंच वाक्य, जरा गोड करून. मला एसटी पकडायची होती. म्हातारी मान हलवून चालायला लागली, मध्ये ओढा, पलीकडं चढ. मी एसटीत बसल्यावर मला कळलं की दोन मिनिटांपूर्वी मीच पांढऱ्या चिलखतातला शिपाई होतो. चिलखत घालायला कुणी पगार द्यावा लागत नाही.

म्हणून आता भाषण नको, काम सांगतो. पुढच्या महिन्यापासून आपण रेशनच्या तारखांना तिथं जायचं, सुट्टी टाकून. फॉर्म भरायला नाही, नकार लिहून घ्यायला. मशीन धान्य देतं तेव्हा पावती निघते. नाकारतं तेव्हा काहीच निघत नाही. लाल दिवा लागतो, विझतो, आणि म्हातारी आली होती याची निशाणी या जगात उरत नाही. खरी मेख इथं आहे. नकाराला कागद नाही, म्हणून नाकारलेला माणूस नाही. सगळ्याला कागद मागणाऱ्या या राज्याला एकच कागद द्यायचा नाही, नकाराचा. तोच मागायचा. "धान्य दिलं नाही, या तारखेला, या कारणानं, सही." दुकानदारानं लिहावं, नाहीतर तहसीलात जाऊन तिथल्या माणसाकडनं लिहून घ्यावं. सही त्यांची. अंगठा पुरे झाला, आता त्यांनी सही करायची.

आणि मागण्या. अंगठा लागला नाही तर त्याच दिवशी, त्याच आंब्याखाली, वहीत लिहून पस्तीस किलो. तराजू लोकांसमोर. दाखल्याची दुरुस्ती पाड्यावर, पाडा तालुक्याला नाही. ज्यांच्या नावाची सरकारी माणसानं मोडतोड केली त्यांची दुरुस्ती सरकारच्या खर्चानं. १९५० आधीचा कागद ज्याला राज्यानंच कधी दिला नाही त्याच्याकडं मागायचा नाही, गावानं, जमातीनं ओळखलं ते धरायचं. भट्टीवर जो शेठ कार्डं दाबून ठेवील त्याच्यावर वेठबिगारीच्या कायद्यानं केस.

यातलं काहीच परग्रहावरचं नाही. यासाठी जादूचा हात लागत नाही, अठरा पोरं लागतात. ती त्या रात्री दहा बाय बाराच्या खोलीत होतीच.

मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मागणाऱ्याला वाटाण्याच्या अक्षता लावणं. आजवर मोखाड्याचा माणूस मशीनला अंगठा दाखवत आला आणि राज्य त्याला दाखवत आलं. म्हातारी पुढच्या महिन्यात परत येणार आहे, तिला यावंच लागतं. ती आली की विचारील, मी तर हाय ना हितं. या वेळी तिच्या शेजारी उभं राहून उत्तर द्यायचंय.

एसटी सुटली तर सुटू दे.